परतीचे दोर

जुन्या लिनक्स सर्व्हरांवर एक गंमत पाहायला मिळायची. ‘अपटाइम’ ही आज्ञा दिली की मशीन किती दिवस अखंड चाललंय ते पडद्यावर उमटतं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या जगात हा आकडा म्हणजे मिशीला पीळ देण्याचा विषय. शंभर दिवस, दोनशे, तीनशे, चारशे... आणि ४९७ दिवस भरले की मशीन एकाएकी सांगू लागायचं, मी तर आत्ताच उठलोय! ते बंद पडलेलं नसायचं, वीजही गेलेली नसायची. फक्त मोजणीच्या खान्यात जागा उरलेली नसायची. त्या काळचा कर्नल सेकंदाला शंभर ठोके मोजायचा आणि ही मोजणी ३२ बिटांच्या खान्यात ठेवायचा. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्याला शंभराने भागा, मग दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर येतं ४९७ दिवस आणि सुमारे अडीच तास. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा, तसाच हा प्रकार.

गंमत सोडली तर या आकड्यात एक काळजीची गोष्टही दडलेली आहे. ४९७ दिवस न थांबलेल्या मशीनवर निदान ४९७ दिवसांपूर्वीचा कर्नल चालू असतो. मधल्या काळात त्यात जी भोकं सापडली, ती सगळी तशीच उघडी. कर्नल बदलायचा तर मशीन थांबवावं लागतं, आणि ज्या मशीनवर हजारो घरांचं इंटरनेट चालतं ते थांबवायला सहसा कुणाचा हात धजत नाही. ते का थांबवायचं, कसं थांबवायचं आणि पुन्हा उभं राहीलच याची तजवीज कशी करायची, हा या प्रकरणाचा विषय.

पाटकरी

कर्नल म्हणजे कवचाआतला गर. कंप्युटर चालू केल्यावर आपल्याला दिसतं ते कवच. आतल्या यंत्राला प्रत्यक्ष हात लावणारा प्रोग्राम एकच, तो हा कर्नल.

पाटाच्या पाण्यावर शेती असलेल्या गावात पाटकरी असतो. कुणाच्या चारीत पाणी कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, कुणाची पाळी संपली, हे तो पाहतो. शेतकऱ्याने परस्पर दार उघडायचं नाही, पाटकऱ्याला सांगायचं. सर्व्हरवर एकाच वेळी शेकडो प्रोग्राम चालू असतात आणि प्रत्येकाला प्रोसेसरचा वेळ, मेमरीतली जागा, डिस्क, नेटवर्क कार्ड हवं असतं. ते वाटून देणारा पाटकरी म्हणजे कर्नल. एखाद्या प्रोग्रामने परस्पर यंत्राला हात घालायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसरच त्याला अडवतो. तशी सोय प्रोसेसरच्या घडणीतच केलेली असते.

या व्यवस्थेचा फायदा असा, की एखादा प्रोग्राम कोसळला तर एका शेताचं पाणी थांबतं, बाकीचं गाव चालू राहतं. पण पाटकरीच कोसळला तर? सगळा पाट बंद. यालाच ‘कर्नल पॅनिक’ म्हणतात. पडद्यावर काही ओळी उमटतात आणि मशीन जागच्या जागी थिजतं.

जगातल्या बहुसंख्य इंटरनेट सर्व्हरांवर चालणारा कर्नल लिनक्स. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज त्या ओळी तीन कोटींच्या पुढे गेल्या आहेत. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. त्यांतल्या मोजक्या आवृत्त्या दीर्घकाळ सांभाळण्यासाठी निवडल्या जातात. त्यांत नवं काही घालायचं नाही, फक्त डागडुजी करत राहायची. सेवा पुरवणारी मंडळी याच आवृत्त्या पसंत करतात.

टोरव्हाल्ड्स यांचा एक नियम प्रसिद्ध आहे: नव्या कर्नलमुळे जुने प्रोग्राम बंद पडता कामा नयेत. पाटकरी बदलला तरी पाणी मागायची रीत तीच राहिली पाहिजे. पण हा नियम कर्नलच्या बाहेरच्या प्रोग्रामांसाठी. कर्नलच्या आतली रचना केव्हाही बदलू शकते. त्यामुळे एखाद्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलसोबत न येता उत्पादकाकडून वेगळा आणलेला असेल, तर तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधून घ्यावा लागतो. ही गोष्ट विसरली, की नव्या कर्नलला ते कार्ड दिसतच नाही.

आठ बाइटांची खोडी

जिल्ह्याच्या गावात केबलचा धंदा करता करता इंटरनेट देऊ लागलेला एखादा सेवादार डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे इंटरनेट सेवेचे परवाने तीन वर्गांत दिले जातात. ‘ए’ वर्ग देशभरासाठी, ‘बी’ साधारण राज्याएवढ्या क्षेत्रासाठी आणि ‘सी’ साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. आपला सेवादार ‘सी’ वर्गातला. एसी लावलेल्या छोट्या खोलीत एक रॅक, त्यात चार-पाच सर्व्हर.

ग्राहक घरी राउटर चालू करतो तेव्हा त्याची पहिली हाक जाते ‘पीपीपीओई’ सर्व्हरला. तो ‘रेडियस’ सर्व्हरला विचारतो: हा आपलाच ग्राहक का, पैसे भरलेत का, किती वेगाचा प्लॅन? होकार आला की जोडणी होते. मग ग्राहक एखाद्या साइटचं नाव टाइप करतो. त्या नावाचा पत्ता शोधून देतो ‘डीएनएस’ सर्व्हर. कुठल्या ग्राहकाला कुठल्या वेळी कुठला पत्ता दिला होता, याची नोंद आणखी एका मशीनवर जाते. यातलं एकही मशीन थांबलं, की फोन सुरू: “दादा, नेट गेलंय.”

मग अशा मशीनला हात लावायचाच कशाला? १७ जून २०१९ या दिवसाचं उदाहरण घेऊ. त्या दिवशी ‘सॅक पॅनिक’ नावाचा दोष जाहीर झाला. तो शोधला होता नेटफ्लिक्समधल्या जोनाथन लूनी यांनी.

टीसीपी या पद्धतीत माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते आणि पलीकडचा प्रत्येकाची पोच देतो. मधलाच एखादा तुकडा हरवला तर पूर्वी मागचे अनेक तुकडे पुन्हा पाठवावे लागत. १९९६ मध्ये त्यावर तोडगा निघाला: पलीकडच्याने नेमकं सांगायचं, की दहापर्यंत मिळाले, अकरावा नाही, बारा ते वीस मिळाले. या निवडक पोचेला ‘सॅक’ म्हणतात. चांगलीच सोय.

आता खोडी पाहा. पाठवायची माहिती लिनक्स गाठोड्यांत बांधून ठेवतो. एका गाठोड्यात जास्तीत जास्त १७ पुड्या आणि एका पुडीत ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट. गाठोड्यातल्या माहितीचे किती तुकडे होतील याची मोजणी तो १६ बिटांच्या खान्यात करतो. त्यात ६५,५३५ पर्यंतचा आकडा मावतो. नेहमीचा तुकडा हजार-दीड हजार बाइटांचा असतो, त्यामुळे ही जागा रगड झाली. पण जोडणी करतानाच समोरचा म्हणाला, “मला अगदी लहान घास भरवा,” तर लिनक्स ४८ बाइटांपर्यंत खाली येई. त्यातली ४० बाइट मथळ्यातल्या सूचनांनी भरली, की खऱ्या माहितीला उरतात आठ. आता १७ पुड्या गुणिले ३२,७६८ भागिले आठ. उत्तर ६९,६३२. खाना मात्र ६५,५३५ चा!

पोचेच्या निवडक नोंदी विशिष्ट क्रमाने पाठवून गाठोडी एकत्र करायला लावली, की हा खाना उतू जाई. हिशेबात काहीतरी भलतंच झालंय हे कर्नलच्या ध्यानात येई आणि तो पुढे जाण्याऐवजी जागीच थांबे. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला, पासवर्ड माहीत नसलेला कुणीही माणूस सर्व्हर असा पाडू शकत होता. हा दोष २.६.२९ या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून कर्नलमध्ये होता. दहा वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही.

सॅक तात्पुरतं बंद करून दिवस काढता येत होते, त्यासाठी रीबूटही लागत नव्हतं. पण मग तुकडे हरवणाऱ्या लाइनींवर वेग मार खाणार. कायमचा उपाय एकच होता, दुरुस्त केलेला कर्नल बसवायचा आणि मशीन पुन्हा सुरू करायचं.

शिदोरी

कर्नल बसवण्याची आज्ञा एका ओळीची असते. ती दिल्यावर लगेच काही बिघडत नाही आणि बदलतही नाही. डिस्कवरच्या ‘बूट’ या कप्प्यात नवा कर्नल येऊन बसतो, त्याचे ड्रायव्हर वेगळ्या जागी जातात आणि ‘ग्रब’ या प्रोग्रामच्या यादीत एक नवी ओळ वाढते. मशीन चालू होताना कुठला कर्नल उठवायचा हे ग्रब ठरवतो. पण मेमरीत जुनाच कर्नल काम करत असतो आणि रीबूट करेपर्यंत करत राहतो. कित्येक सर्व्हरांवर नवा कर्नल महिनोन्महिने असा ताटकळत पडलेला सापडतो. कागदोपत्री अपडेट झालेलं, प्रत्यक्षात नाही.

रीबूटच्या वेळी कर्नलसमोर एक जुना पेच उभा राहतो. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर तर डिस्कवर आहे. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही! यावर तोडगा म्हणून कर्नलसोबत एक छोटं गाठोडं दिलेलं असतं, ‘इनिट्रामएफएस’. ग्रब ते कर्नलबरोबरच मेमरीत आणून ठेवतो. त्यात सुरुवातीपुरते लागणारे ड्रायव्हर असतात. ही प्रवासाची शिदोरी. ती सोडून कर्नल डिस्कपर्यंत पोचतो आणि मग पुढचा संसार सुरू होतो.

घोटाळा इथे होतो. ‘बूट’ हा कप्पा बहुधा लहान ठेवलेला असतो. वर्षानुवर्षांचे जुने कर्नल न काढल्याने तो भरून गेलेला असतो. नवा कर्नल कसाबसा मावतो, शिदोरी बांधता बांधता जागा संपते. आज्ञेच्या उत्तरात तशी एक ओळ येतेही, पण पडद्यावरून भराभर सरकणाऱ्या शंभर ओळींत ती वाचतो कोण? मग रात्री रीबूट केलं की मूळ डिस्क जोडता येत नाही असं सांगून कर्नल पॅनिक होतो. म्हणून जाणते लोक आधी कप्प्यातली जागा पाहतात, आज्ञेचं उत्तर सावकाश वाचतात आणि नव्या शिदोरीचा आकार जुनीच्या जवळपास आहे ना, हे ताडून बघतात.

आधी जुन्यावरच

बरेच दिवस चाललेल्या सर्व्हरचा खरा धोका वेगळाच असतो. चारशे दिवसांत त्याला कितीतरी हातांनी स्पर्श केलेला असतो. एका रात्री लाइन तुटली तेव्हा कुणीतरी हाताने एक नवा मार्ग टाकला. दिवाळीच्या आसपास हल्ला झाला तेव्हा फायरवॉलमध्ये दोन नियम घातले. ते सगळं मेमरीत गेलं, फाइलीत लिहायचं राहिलं. मशीन चालू आहे तोवर सारं सुरळीत. रीबूट झालं की मेमरी कोरी आणि ते नियम गायब. ज्याने ते घातले तो माणूस कदाचित नोकरी सोडूनही गेलेला असतो.

अशा वेळी नव्या कर्नलवर सुरू झालेलं मशीन नीट चालेनासं झालं, तर दोष कुणाचा? कर्नलचा की विसरलेल्या नियमांचा? पहाटे चार वाजता हे ओळखणं फार अवघड. म्हणून अनुभवी माणूस आधी जुन्याच कर्नलवर एकदा रीबूट करतो. काही तुटलं तर ते विसरभोळेपणामुळे तुटलं, हे नक्की होतं. ते दुरुस्त करून, फाइलीत लिहून, मगच नव्या कर्नलकडे वळायचं. एका रात्रीत दोन गोष्टी बदलल्या की बिघाडाचं मूळ सापडत नाही.

सेवादाराच्या सर्व्हरला आणखी एक व्याप असतो. पीपीपीओई सर्व्हर थांबला की त्यावरच्या सगळ्या जोडण्या तुटतात आणि तो परत उभा राहताच हजारो राउटर एकदम हाका मारू लागतात. बिचारा रेडियस सर्व्हर या झुंबडीतच गुदमरतो. मग ग्राहकांचे राउटर उत्तर न मिळाल्याने पुन्हा हाका मारतात, गर्दी आणखी वाढते. म्हणून असे सर्व्हर जोडीने ठेवतात. नव्या जोडण्या आधी दुसऱ्याकडे वळवायच्या, पहिल्यावरची गर्दी ओसरू द्यायची, मग त्याला हात लावायचा. आणि दोन्ही डीएनएस सर्व्हर एकाच रात्री बदलायचे नाहीत. नव्या कर्नलची एखादी खोड दोन-तीन दिवसांनीच दिसते.

दोर

सिंहगडाच्या लढाईची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने परतीचे दोर कापून टाकल्याचं आपण लहानपणापासून ऐकत आलो. रणांगणावर ते शौर्य. सर्व्हरच्या खोलीत मात्र शहाणपण नेमकं उलट आहे. इथे चढायच्या आधी दोर तपासायचे, एकाला दोन बांधायचे आणि काम झाल्यावरही काही दिवस सोडायचे नाहीत.

पहिला दोर जुना कर्नल. तो काढायचा नाही, ग्रबच्या यादीत तसाच ठेवायचा.

दुसरा दोर फार सुंदर आहे. ग्रबला सांगता येतं: नेहमीसाठी जुनाच कर्नल, फक्त पुढच्या एका खेपेला नवा. कर्नललाही सांगून ठेवता येतं, की पॅनिक झालास तर थिजून बसू नकोस, दहा सेकंद थांब आणि स्वतःच रीबूट हो. या दोन सूचना एकत्र केल्या की काय होतं पाहा. नवा कर्नल उठतो, अडखळतो, पॅनिक होतो, दहा सेकंदांनी मशीन पुन्हा सुरू होतं. एका खेपेची सवलत संपलेली असल्यामुळे ग्रब जुना कर्नल उठवतो. कुणी हात लावायच्या आत गाडी मूळ रुळावर येते.

तिसरा दोर जरा चोरट्या बिघाडासाठी. कधी नवा कर्नल ठणठणीत उठतो, पण नेटवर्क कार्डं त्याला वेगळ्या क्रमाने सापडतात. कालपर्यंत पहिलं होतं ते आज दुसरं. ग्राहकांकडची तार आणि बाहेरची तार यांची अदलाबदल झाल्यासारखंच हे. मशीन जिवंत, पण कुणाशी बोलेना. कार्डांना ती बसवलेल्या जागेवरून नावं द्यायची पद्धत आल्यापासून हा त्रास कमी झाला, संपला नाही. यासाठी आधीच सांगून ठेवायचं, की सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत मी आत येऊन थांब म्हटलं नाही, तर पुन्हा रीबूट हो.

आणि चौथी, गडाची चोरदिंडी. चांगल्या सर्व्हरमध्ये एक वेगळा छोटा कंप्युटर असतो. मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा असतो आणि त्याची नेटवर्कची तार वेगळी असते. त्याच्यामार्फत घरी बसून सर्व्हरचा पडदा पाहता येतो, ग्रबच्या यादीतली ओळ निवडता येते, वीज बंद-चालूही करता येते. मात्र ही तार त्याच सर्व्हरमधून जात असेल तर उपयोग शून्य. सर्व्हर बंद पडला की दिंडीही बंद.

दोर नसले की काय होतं, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या प्रोग्रामसाठी एक सदोष फाइल पाठवली. हा प्रोग्राम विंडोजच्या कर्नलमध्ये बसून काम करायचा, त्यामुळे तो अडखळताच अख्खं मशीन कोसळलं. सुमारे ८५ लाख मशीनं बंद पडली. आपल्याकडच्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली. पण आधीच कोसळलेलं मशीन ही दुरुस्ती घ्यायला उठणार कसं? सुरू व्हायचं, कोसळायचं, पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा कोसळायचं. शेवटी असंख्य मशीनांसमोर माणसाला जाऊन बसावं लागलं आणि ती फाइल हाताने पुसावी लागली.

न थांबता

मशीन न थांबवता कर्नल दुरुस्त करता येणार नाही का? हा प्रश्न एमआयटीतल्या जेफ अर्नोल्ड या विद्यार्थ्याला पडला तो अनुभवातून. तो सांभाळत असलेल्या सर्व्हरसाठी दुरुस्ती आली होती. वापरणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून त्याने रीबूट सुट्टीच्या दिवसावर ढकललं आणि तेवढ्यात कुणीतरी आत घुसलं. यातून त्याने ‘केस्प्लाइस’ ही पद्धत काढली. पुढे २०११ मध्ये ओरॅकलने ती विकत घेतली. रेड हॅट आणि सुसे या कंपन्यांनी २०१४ मध्ये आपापल्या पद्धती आणल्या आणि त्यांचा समाईक पाया एप्रिल २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून लिनक्समध्येच आला.

कल्पना सोपी आहे. पूल दुरुस्त करताना शेजारून वळणरस्ता काढतात, तसं कर्नलमधल्या सदोष भागाच्या तोंडाशीच पाटी लावायची: इथून नव्या भागाकडे वळा. जुना भाग जागेवरच राहतो, फक्त तिकडे कुणी जात नाही. सॅक पॅनिकसारखी नेमकी भोकं अशी बुजवता येतात. पण मेमरीतल्या माहितीची मांडणीच बदलायची असेल तर वळणरस्ता पुरत नाही. म्हणून अशा चालत्या दुरुस्तीने, म्हणजे ‘लाइव्ह पॅच’ने, रीबूटची घाई टळते, पण रीबूट टळत नाही.

तेव्हा पुन्हा आपल्या जिल्ह्याच्या गावात येऊ. पहाटेचे तीन. सिनेमे संपलेत आणि सकाळचे ऑनलाइन क्लास अजून दूर आहेत. एका खिडकीत चोरदिंडीतून दिसणारा सर्व्हरचा पडदा, दुसरीत ‘पिंग’. सर्व्हरकडून दर सेकंदाला उत्तर येतंय. रीबूटची आज्ञा जाते, उत्तरं थांबतात. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या ओळी एकाखाली एक साठू लागतात. घरचा लॅपटॉप काही सेकंदांत उठतो. सर्व्हर मात्र आधी सगळी मेमरी तपासतो, मग डिस्कचं कार्ड, मग नेटवर्क कार्डं, यात पाच-सात मिनिटं सहज जातात. ही मिनिटं ज्याने काढलीत त्यालाच ठाऊक. मग पडद्यावर ग्रबची यादी येते, नवी ओळ निवडली जाते, अक्षरं धावू लागतात आणि पलीकडच्या खिडकीत पिंगचं पहिलं उत्तर येतं.

तरी काम संपत नाही. कर्नलची आवृत्ती खरंच नवी आहे ना? फायरवॉलचे नियम आले का? घड्याळ बरोबर आहे का? ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, आणि घड्याळच चुकलं तर त्या नोंदींना अर्थ उरत नाही. मग वळवलेले ग्राहक हळूहळू परत आणायचे. पन्नास, शंभर, पाचशे. सगळं ठीक दिसलं की ग्रबला सांगायचं, आता नेहमीसाठी नवाच. पंधरा मिनिटांची ती सूचना रद्द करायची, नाहीतर मशीन इमानेइतबारे पुन्हा रीबूट व्हायचं!

सकाळी सात वाजता गावातली मुलं क्लासला बसतात. रात्री काही घडलं हे कुणाच्या गावीही नसतं. सर्व्हरवर ‘अपटाइम’ विचारलं तर तो म्हणतो, पावणेचार तास. मिशीला पीळ देण्याजोगा आकडा गेलेला असतो. ‘बूट’ कप्प्यात जुना कर्नल मात्र अजून जागच्या जागी असतो. तो पुढच्या आठवड्यात काढायचा.